बावचीच्या पानावरची अळी

"आणि या अळीला कसं काही होत नाही?"

खेमगिरी महाराजांनी बावचीच्या झुडपाकडे बोट दाखवून विचारलं. भर उन्हात एक हिरवी अळी पानाची कड निवांत कुरतडत होती.

तुळाजीला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. महाराज रागावतील, मठातून हाकलून देतील, असं धरूनच तो समोर उभा होता. चार दिवस ते परगावी होते आणि तेवढ्यात नको ते घडून बसलं होतं.

मठात कोडावर औषध मिळतं म्हणून लांबलांबून माणसं येत. बावचीच्या बियांचा लेप डागावर पुसटसा लावायचा, रोग्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात क्षणभर बसवायचं आणि लगेच धुऊन टाकायचं. असं महिनोन् महिने. बारा वर्षं तुळाजीने महाराजांच्या नजरेखाली हेच केलं होतं.

शेजारच्या गावची शेवंता आली तेव्हा तो एकटाच होता. गालावर, मानेवर पांढरे डाग. जूनमध्ये ती शाळेत शिक्षिका म्हणून रुजू होणार होती.

"पोरांपुढं उभं राहायच्या आत जातील का हो हे?" तिने विचारलं.

"जातील," तो म्हणाला.

महाराजांना जिथे वर्ष लागतं, तिथे आपण दोन महिन्यांत करून दाखवू, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने लेप जाड थापला. ओळीने दोन दिवस तिला दुपारच्या उन्हात बसवलं.

तिसऱ्या दिवशी तिचा गाल फोडांनी भरून गेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, व्रण राहतील.

"बोल ना," महाराज म्हणाले. "अळीला का होत नाही?"

"तिच्या पोटात विकरं असतात, महाराज."

हे तो कृषी महाविद्यालयातल्या एका बाईंकडून शिकला होता. भिंग आणि काचेच्या बरण्या घेऊन त्या एक पावसाळाभर मठात राहिल्या होत्या. तेव्हापासून आलेल्यागेलेल्याला हे समजावून सांगण्याची त्याला भारी हौस.

"बावचीने स्वतःला वाचवायला अंगात विष साठवलंय. ऊन लागलं की ते पेटतं. पण ही विकरं ते विष पोटातच फोडून टाकतात. रक्तात शिरूच देत नाहीत."

"जन्मतःच असतात? एवढी?"

"असतात, पण थोडी. अंड्यातून निघाल्यावर ती सुईच्या टोकाएवढंच कुरतडते. खाता खाता विकरं वाढत जातात, आणि मग..." तो अडखळला.

"मग?"

"मग ती सगळं पान खाते."

"आणि पहिल्याच दिवशी सगळं विष पोटात गेलं तर?"

तुळाजीने मान खाली घातली.

"मरते. बाईंनी दाखवलं होतं... बरणीत."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो."

वाऱ्याने झुडूप हललं. अळी पानाला घट्ट धरून थांबली आणि पुन्हा खाऊ लागली.

"दुसऱ्या दिवशी पोर काही म्हणाली का?" महाराजांनी हळूच विचारलं.

"भाजतंय म्हणाली."

"मग तू काय म्हणालास?"

तुळाजी खाली पडलेलं एक पान चुरगाळू लागला.

"तुळाजी."

"सोस, म्हणालो. जे भाजतं तेच गुण देतं, म्हणालो."

"हे कुठं शिकलास?"

तुळाजीने वर पाहिलं. खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. पण बारा वर्षांत त्यांच्यापुढे ते कधी जमलं नव्हतं.

"तुमच्याकडून, महाराज."

दोघांनाही ते दिवस आठवले. थंडीत उघड्या ओसरीवर झोपवलेला चौदा वर्षांचा तुळाजी, चुकला म्हणून महाराज ज्याच्याशी दोन दोन दिवस बोलत नसत तो, चारचौघांत 'दगड' म्हणून हाक मारलेला... प्रत्येक वेळी तो एकच शब्द. सोस. आणि त्याने सोसलं होतं. त्याचा त्याला अभिमानच होता. बाकीचे चार शिष्य वर्षाच्या आत पळून गेले होते.

"तू आलास तेव्हा गायचास," महाराज म्हणाले. "पाणी भरताना. विहिरीवर."

"मी?"

"विष फोडायला अळीचं बळ खर्च होतं, असंही बाई सांगायच्या. जहाल पानावरची अळी वाचते, पण खुरटी राहते. तेव्हा मी ते ऐकलं आणि सोडून दिलं."

गाणं कधी थांबलं ते तुळाजीला आठवेना. त्याने खूप आठवून पाहिलं.

महाराजांनी काठी घेतली. खडावा काढून ठेवल्या आणि अनवाणीच ते फाटकाबाहेर पडले. तुळाजी मागोमाग निघाला.

शेवंताच्या घराचं दार बंद होतं. तिची आई बाहेर आली. आत बोलावलं नाही, पाणीही विचारलं नाही.

"आता काय राह्यलं म्हाराज?"

"मी माफी मागायला आलोय, माय. औषध माझं होतं. हातही माझाच होता."

तुळाजी पुढे झाला. "नाही, माय! हात माझा होता. तिने सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

आईने दोघांकडे पाहिलं. पदराने डोळे पुसले. "ती न्हाई यायची भाईर. आरसा पालथा घातलाय तिनं." एवढं बोलून ती आत गेली. कडी लागली.

महाराज अंगणात मातीवर बसले. तुळाजीही बसला. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. जाणारे-येणारे क्षणभर उभे राहून बघत आणि पुढे जात. दुपार कलली. सावल्या कुंपणापर्यंत लांबल्या. दार उघडलं नाही.

शेवटी तुळाजी म्हणाला, "महाराज, ती काही येणार नाही."

महाराजांनी दारावरची नजर काढली नाही.

"ती यावी म्हणून मी बसलेलोच नाही."