इंदुमतीबाईंचा 'प्रकार' रकाना

एका गावात एक ग्रंथपालबाई होत्या. इंदुमतीबाई गोडांबे त्यांचे नाव. आपल्याइतके शब्द पंचक्रोशीत कुणाला येत नाहीत, याचा त्यांना मोठा अभिमान होता.

गावाने घरोघरची जुनी चित्रे ग्रंथालयाला दिली. भिंतीवरच्या फ्रेमा, ट्रंकेतले अल्बम, शाळेच्या माळ्यावरचे नकाशे, सारे मिळून चार हजार. बाईंनी एकेक स्कॅन करून संगणकात चढवले. प्रत्येक नोंदीत 'प्रकार' असा एक रकाना होता. ही वस्तू आहे काय, एवढेच तिथे लिहायचे. पण बाई तिथे रमत. लग्नाच्या फोटोपुढे त्या 'शुभप्रसंग' लिहीत, कुणाच्या आजोबांच्या फोटोपुढे 'तसबीर', देवळाच्या फोटोपुढे 'शिल्प'. तोच शब्द पुन्हा लिहिणे त्यांना दरिद्रीपणाचे वाटे.

या संग्रहाच्या उद्घाटनाला दहा दिवस उरले. निवृत्त चित्रकला शिक्षक अत्तार गुरुजी सहज म्हणून संगणकापुढे बसले. 'छायाचित्र' असा प्रकार निवडून त्यांनी शोध घेतला.

"बाई, नऊशेच आली. बाकीची कुठे गेली?"

"आहेत की! 'तसबीर' शोधा, 'शुभप्रसंग' शोधा."

"तुम्हाला त्या दिवशी कोणता शब्द सुचला, हे लोकांनी कसे ओळखायचे? आणि देवळाचा फोटो म्हणजे देऊळ नव्हे, बाई. फोटो तो फोटोच. देऊळ 'विषय' रकान्यात लिहा."

बाईंना ते फार लागले. ग्रंथालयाचे अध्यक्ष बापूसाहेब तिथेच होते. ते म्हणाले, "राहू द्या हो. पाहुण्यांना पडद्यावर चित्रे दिसली म्हणजे झाले. रकाने वाचतो कोण?"

सुटायला वाट मोकळी होती. बाई मात्र दिवसभर आपल्याच नोंदी वाचत राहिल्या. संध्याकाळी त्या बापूसाहेबांच्या घरी गेल्या. "उद्घाटन पुढे ढकला. चूक माझी आहे, तसे सर्वांना सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवर एक कागद डकवला. कॅमेऱ्याने टिपले ते छायाचित्र. हाताने काढले ते चित्र. जमीन दाखवतो तो नकाशा. लिहिलेला कागद स्कॅन केला, तरी तो मजकूरच. मग पहिल्या नोंदीपासून त्या पुन्हा बसल्या. प्रत्येक चित्र नव्याने न्याहाळायचे, मागे काय दिसते तेही विषयात टिपायचे.

बापूसाहेब एकदा हळूच म्हणाले, "आमच्या आजोबांचा घोड्यावरचा फोटो आहे ना, त्याला तरी 'वीरप्रतिमा' राहू द्या."

"आजोबांचा पराक्रम वर्णनात चार ओळी लिहिते, बापूसाहेब. प्रकार मात्र छायाचित्रच."

काम संपायला तीन महिने लागले. मग साधेसेच उद्घाटन झाले.

पुढच्या वर्षी गावची जुनी बारव ढासळली. पायऱ्यांवरची दगडी कमान पाण्यात गेली. दुरुस्तीला आलेले सखाराम पाथरवट म्हणाले, "कमान पूर्वी कशी होती ते दाखवा. पण चित्रकाराने मनाने रंगवलेली नको. कॅमेऱ्याने टिपलेलीच पाहिजे, नाहीतर एकेक दगड चुकेल."

बाईंनी विषयात 'बारव' लिहिले, प्रकारात 'छायाचित्र'. क्षणात एकसष्ट छायाचित्रे समोर आली. एका लग्नाच्या फोटोत नवरीच्या मागे सगळी कमान उभी होती. सखाराम पडद्याला नाक लावून दगड मोजू लागले. "एकवीस! आणि मधला हा पाचरीसारखा. बाई, याच्याविना कमान उभीच राहिली नसती!"

चार महिन्यांत कमान होती तशी उभी राहिली. शेवटचा दगड बसवायची वेळ आली, तेव्हा सारे गाव काठावर जमले होते. सखारामांनी हात थांबवला. "आधी बाईंचा हात लागू दे."

इंदुमतीबाई पायऱ्या उतरून गेल्या. त्यांनी दगडाला हात लावला, मग वर पाहून गुरुजींनाही खाली बोलावले. त्या दिवशी दोघांचीही मान ताठ होती, आणि अख्ख्या गावाचीही.

तात्पर्य: नाव द्यावे ते आपली हौस भागवायला नव्हे, तर दुसऱ्याला वस्तू सापडावी म्हणून, आणि एकदा नेम ठरला की तो सर्वांना सारखाच लावावा, अगदी स्वतःची चूक कबूल करावी लागली तरी.