नजर जुळेपर्यंत

एकदा एक तरुण शिष्या एका वृद्ध नेत्रवैद्यांकडे विद्या शिकत होती. बुद्धीने तल्लख, हाताने हलकी. डोळ्यात गेलेले कुसळ ती असे काढी की रोग्याला कळतही नसे. आपल्या निदानावर तिचा पूर्ण विश्वास होता आणि तो तिच्या बोलण्यात दिसेही.

गुरुजी परगावी गेले असताना गावातल्या कापसाच्या व्यापाऱ्याने आपली पाच आठवड्यांची नात तिच्याकडे आणली. शिष्येने लाल लोकरीचा गोंडा बाळाच्या डोळ्यांपुढून भरभर फिरवला. बाळाची नजर हलली नाही. पुन्हा फिरवला. बाळ आपले समोरच बघत राहिले.

"दृष्टी अधू आहे," शिष्या म्हणाली.

त्या तीन शब्दांनी घर हादरले. ठरलेले बारसे शेटजींनी पुढे ढकलले. बाळाच्या आईला, सगुणेला, सासू म्हणाली, "ग्रहणात बाहेर गेली असशील!" आणि तिने सुनेशी बोलणेच टाकले.

गुरुजी परतले, सगळे ऐकले आणि शिष्येला घेऊन त्या घरी गेले. त्यांनी खिडकी उघडली. उजेड पडताच बाळाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या आकसल्या. मग त्यांनी सगुणेला चेहरा जवळ आणून स्थिर धरायला सांगितले. बाळ आईकडे टक लावून पाहू लागले.

"शेटजी, डोळे निरोगी आहेत," गुरुजी म्हणाले. "बाकीचं बाळच सांगेल. तोवर सुनेला कुणी बोल लावायचा नाही."

मग त्यांनी गोंडा शिष्येच्या हाती दिला. "रोज सकाळी तासभर बाळापाशी बस. हा सावकाश हलव. औषध नको, निदान नको. दिसेल ते लिहून ठेव."

शिष्येला तो अपमान वाटला. एवढी विद्या शिकून बाळ खेळवत बसायचे? तरी ती गेली.

पहिले काही दिवस लिहिण्यासारखे काहीच घडले नाही. बाळाच्या आठव्या आठवड्यात त्याची नजर गोंड्यामागे निघाली, पण ठेचकाळत. मागे पडे, उडी मारून गाठे, पुन्हा हरवे. दहाव्या आठवड्यात एके सकाळी ती नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड सरकत गेली.

"ताई, पाहिलंत? परत करा ना!" सगुणा ओरडली.

चौथा महिना सरता सरता शिष्येने गोंडा एका सुपामागून नेला. गोंडा दिसेनासा झाला. बाळाने क्षणभर पाहिले आणि नजर सुपाच्या दुसऱ्या कडेला नेऊन ते वाट पाहू लागले. गोंडा तिथूनच बाहेर आला!

सगुणेने सासूला हाक मारली. सासूने स्वतः पाहिले, नातीला उचलून छातीशी धरले आणि कितीतरी दिवसांनी सुनेकडे वळून म्हणाली, "तुझ्यासारखीच चलाख आहे गं!"

शिष्या ओसरीवर गेली. शेटजींपुढे उभी राहून म्हणाली, "मी चुकले होते. नजर अधू नव्हती, मला धीर नव्हता."

संध्याकाळी तिने गुरुजींना विचारले, "मी तिला काहीच शिकवलं नाही. ती आपली आपण शिकली. मग मला कशाला बसवलंत?"

गुरुजी म्हणाले, "उजेड बाळाच्या डोळ्यात पहिल्या दिवसापासून शिरतो. पण गती नुसत्या डोळ्याने कळत नाही. मघाशी तिथे होतं तेच आता इथे आहे, हे मेंदूला जुळवावं लागतं. कोवळ्या मेंदूला ते हळूहळू साधतं. साधलं की अजून न दिसलेल्याचाही तो अंदाज बांधतो. एवढा मोठा पराक्रम आपण प्रत्येकाने केला आहे आणि एकालाही तो आठवत नाही. ज्याला माणसाची दृष्टी सांभाळायची, त्याने ती घडताना एकदा तरी पाहावी. हे मी तोंडाने सांगितलं असतं, तर तू नुसती मान डोलावली असतीस."

मग ते म्हणाले, "मात्र शेटजींपुढे चूक कबूल कर, असं मी सांगितलं नव्हतं. ते तू केलंस. आज मला तुझा फार अभिमान वाटतो."

हाताच्या सफाईबद्दल शिष्येने आजवर पुष्कळ स्तुती ऐकली होती. ही स्तुती ऐकून मात्र तिने वाकून गुरुजींच्या पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवशी दाराशी रोगी नेहमीसारखेच ताटकळले होते. तिने हात धुतले, पहिल्याला आत घेतले आणि म्हणाली, "बसा निवांत. मला आधी नीट पाहू द्या."