हबशाचा धोंडा

खाडीच्या बांधाला समुद्राकडून एक काळा धोंडा टेकून उभा आहे. तो तिथे कसा आला, हे हिराजीतात्या पाहुण्यांना सांगतात. पण आधी प्रत्येकाला नाव विचारतात, मगच पाणी देतात.

फार पूर्वी, म्हणे, फुटक्या गलबतातून एक परदेशी इथे लागला. दूर समुद्रापलीकडच्या हबसाण मुलखातला, मिठाच्या रानातला. गाव त्याला नुसता हबशी म्हणे. तो बांधावर राबायचा आणि पोसू पाटलाच्या ओटीवर जेवायचा. एकदा पाटलाची लेक ठमा भाकर वाढत असताना त्याने छातीवर हात ठेवून सावकाश काहीतरी सांगितले. ठमा दचकली आणि आत पळाली. तो नाव सांगत होता हे तिला चुलीपाशी कळले. उद्या विचारू, असे म्हणत तिने कितीतरी दिवस घालवले.

मग उधाणाच्या भरतीत बांधाला भगदाड पडले. ओहोटी लागताच माणसे बाहेरच्या अंगाने चिखलात उतरून ते बुजवू लागली. तो चिखल असा की दोराशिवाय पाय निघत नाही. रीत अशी, की पाणी परत चढू लागताच वरून एकेकाचे नाव पुकारायचे आणि त्याच्याकडे दोर फेकायचा. पाटलाचा घसा बसलेला, म्हणून हाका ठमाने मारल्या. एकेक जण वर आला. नावे संपली. पाटील दोर गुंडाळू लागला.

"आबा, तो राहिला!"

"तो कोण? नाव घे की!"

ठमाला आता 'हबशी' म्हणवेना, आणि खरे नाव तिने कधी विचारलेच नव्हते. वर आलेले गडी धापा टाकत हसले. "लाजतेस काय गं? नवरा हाय का तुझा?"

तिने नुसतेच बोट दाखवले. हसणे थांबून सगळे वळले, तोवर पाणी बांधाला टेकले होते. दोर पडला तो पाण्यावरच. बांध मात्र फुटला नाही. ओहोटीला पाहतात तो भगदाडाच्या तोंडाशी पाठ लावलेला हा धोंडा. माणूस सापडला नाही, असे सांगतात.

ठमा पुढे म्हातारी होईपर्यंत रोज धोंड्यापाशी जाई, छातीवर हात ठेवून स्वतःचे नाव सांगे आणि थांबे.

आजही बांधाचे काम आटोपले की सगळ्यांची नावे पुकारतात. नावे संपली तरी दोर गुंडाळत नाहीत. धोंड्याच्या बाजूला एकदा रिकामाच फेकतात, आणि तो ओला होऊन जड होईपर्यंत कुणी ओढत नाही.