पाठीवरचा भोपळा

नदीकाठच्या एका गावात पोरांना पोहायला शिकवणारा एक मास्तर होता. त्याचं नाव सिदोजी. अंगापिंडाने तो पहिलवान होता, पण मनाने फार भित्रा. लहानपणी त्याचा धाकटा भाऊ याच नदीत वाहून गेला होता. ते दृश्य काही त्याच्या डोळ्यांसमोरून जात नसे.

त्या गावात पोहणं ही हौस नव्हती. बाजार नदीपलीकडे, शेतंही पलीकडे. लहानथोर सगळ्यांना होडीतूनच जावं लागे. म्हणून तर गावाने सिदोजीला नेमलं. नेमताना रायाजी पाटलांनी चारचौघांत बजावलं, "सिदोजी, एका जरी पोराच्या नाकातोंडात पानी गेलं, तर त्याच दिशी तुझी मास्तरकी संपली!"

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

तिथली रीत अशी, की नवशिक्या पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, म्हणजे पोर बुडत नाही. थोडा सराव झाला की भोपळा सोडायचा. सिदोजीने भोपळे बांधले ते बांधलेच. स्वतः काठावर उभा राहून तो हातपाय कसे मारायचे ते सांगे. नदीत जणू भोपळ्यांची जत्राच भरे. आईबाप घाटावर बसून कौतुकाने बघत. एकही पोर बुडालं नाही म्हणून पाटलांनी दसऱ्याला मास्तराला पागोटंही बांधलं.

पाटलांची लेक गोजरा मात्र धीट होती. ती म्हणायची, "मास्तर, आता भोपळा सोडा की."

"अजून थोडं दिस जाऊ दे, पोरी."

ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत.

एकदा बाजारातून परतताना होडी खडकाला घासली, कलंडली आणि गोजरा पाण्यात पडली. काठ अगदी जवळ होता. पोरीने शिकवल्यासारखे हातपाय मारले, पण पाठीला भोपळा नव्हता, अंग काही वर राहीना. काठावरच्या सिदोजीने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली आणि तिला बाहेर काढलं. नशीब बलवत्तर, म्हणून पोर वाचली.

पाटील धावत घाटावर आले आणि संतापाने ओरडले, "इतकी वर्सं पोरीला शिकवलंस तरी काय?"

सिदोजीने हात जोडले. "पाटील, खोटं बोलत न्हाई. भोपळा सोडायचं मला भ्या वाटतं. माझा भाऊ गेला तसं कुनी जाईल म्हनून. पन तुमीबी मला पोरं बुडू देऊ नको, एवढंच सांगितलं हुतं. पोरं पवायला शिकली का, हे आजवर कुनी इचारलंच न्हाई."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दुसरा मास्तर आना!"

पाटील तापट होते, पण मनाचे सरळ होते. दुसरा मास्तर आला तरी हुकूम तोच राहणार आणि तोही भोपळेच बांधणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते घाटाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं. उद्या भोपळा सोड. पोरगी पानी प्याली तरी तुला बोल लावनार न्हाई. पन तूबी काठावरनं शिकवायचं न्हाई. पान्यात उतरायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिदोजी छातीभर पाण्यात उभा राहिला. त्याने गोजराच्या पाठीवरच्या भोपळ्याची गाठ सोडली. भोपळा सुटला आणि गोजरा खाली गेली. वर आली ती ठसकत, नाकातोंडात पाणी घेऊन. साऱ्या गावाने पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी मास्तराकडे बघून 'चालू दे' अशी मान हलवली.

सिदोजीने पोरीला सावरलं, पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "पुन्यांदा."

ती पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. मग एकदाची तरंगली. हात मारत मारत ती त्याच्याजवळ पोचली आणि धरायला तिने हात पुढे केला.

सिदोजी एक पाऊल मागे सरकला.

तात्पर्य: मास्तराच्या शिकवण्यात त्याचा स्वभाव उतरतो, तसाच गावाने त्याला घातलेला धाकही उतरतो. म्हणून मास्तराने आपली भीती ओळखावी आणि गावाने त्याच्यावर विश्वास टाकावा. तेव्हाच पोरं शिकतात.