मंजीचं नाक

“...मग अजून काय राहिलं, महाराज?”

चिदंबरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन्ही वेळा जोतीनाथ महाराजांनी नुसतं ‘हं’ केलं होतं.

हिरण्यकेशी नदीच्या काठावर महाराजांचा लहानसा मठ होता. श्वासाची विद्या शिकायची म्हणून चिदंबर बारा वर्षांपूर्वी घर सोडून तिथं आला. तेव्हा तो विशीत होता. आता आसपासच्या गावांत त्याचं नाव झालं होतं. तो श्वास रोखून बसला की बघणारेच कासावीस व्हायचे.

कुर्णेवाडीच्या मठाचे स्वामी गेल्या महिन्यात वारले होते. गादी रिकामी होती. तिथली मंडळी आणखी तीन दिवसांनी महाराजांकडे येणार होती, आणि कुणाला न्यायला येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. महाराजांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

महाराज अंगणाकडे बघत होते.

थंडीचे दिवस. कोवळं ऊन पडलेलं. मठात कामाला असलेली हौसाबाई गोठ्यात शेण भरत होती. तिची तीन वर्षांची पोर, मंजी, पायरीवर बसून भाकरीचा तुकडा खात होती. एक घास चावायची, थांबायची, तोंड उघडून श्वास घ्यायची, मग पुन्हा चावायची.

“सूंऽऽ...”

“आठ दिवस झाले, नाक भरलंय पोरीचं,” महाराज म्हणाले. “धड जेवत नाही, धड झोपत नाही. कालपासून कान दुखतोय म्हणते.”

“हो, महाराज.”

“तिला नाक शिंकरता येत नाही.”

“...हो.”

“तेवढं शिकव.”

चिदंबरला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. पण महाराजांची नजर पोरीवरच होती.

तो उठला. पायरीपाशी गेला. मंजीसमोर मांडी घालून बसला.

“बाळ, श्वास आत घे.”

“सूंऽऽ.”

“छान. आता नाकानं बाहेर सोड.”

“सूंऽऽ.” होतं ते आणखी आत गेलं.

“आत नाही. बाहेर.”

“भायेर,” मंजी म्हणाली, आणि पुन्हा आत ओढलं.

“तोंड मिट. असं. आता तो वायू हळूहळू खाली आणायचा...”

“वायू म्हंजी?”

“वारा.”

मंजीनं झाडाकडे बघितलं. पान हलत नव्हतं. तिनं मान हलवून ते चिदंबरला सांगितलं.

अर्धा तास गेला. शेवटी चिदंबरनं तिच्याच परकराचा सोगा तिच्या नाकाला लावला आणि नाक चिमटीत धरलं. “जोर कर! कर जोर!”

मंजीनं भोकाड पसरलं. सुटायला म्हणून तिनं मान झटकली, आणि नाकातलं होतं नव्हतं ते चिदंबरच्या भगव्या कफनीला पुसलं गेलं.

हौसाबाई धावत आली. “लहान हाय जी ती. म्याबी लई सांगून बघितलं. मग पदरानं पुसती झालं, दुसरं काय करू?” तिनं पोरीला कडेवर घेतलं. रडून रडून पोरीचं नाक आणखीच चोंदलं होतं. ती कानावर हात दाबून हुंदके देत होती.

चिदंबर नदीवर गेला. कफनी एकदा धुतली. मग पुन्हा धुतली.

दिवेलागणीला महाराजांनी विचारलं, “काय झालं?”

“तिला समजत नाही, महाराज.”

“काय समजत नाही?”

“बाहेर सोडणं.”

“...तुला येतं?”

चिदंबरचा चेहरा लाल झाला. बारा वर्षं! पण तो काही बोलणार, तोवर महाराजांनी डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, सांगायचं नाही, दाखवायचं.

“मंजी, माझ्याकडे बघ. मी करतो तसं कर.”

मंजी पुढं सरकून बसली. कालचं रडणं ती विसरली होती.

चिदंबरनं पाठ ताठ केली. सावकाश श्वास घेतला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तो तसाच रोखला. डोळे आपोआप मिटले. आत एकदम शांत झालं. पोर, नाक, कुर्णेवाडी, सगळं लांब गेलं.

कसलासा आवाज झाला म्हणून त्यानं डोळे उघडले.

समोर मंजी तश्शीच ताठ बसली होती. गाल फुगलेले. ओठ घट्ट मिटलेले. नाक तर बंदच होतं. तोंड लालभडक झालेलं आणि डोळे बाहेर आल्यासारखे.

“सोड! अगं सोड, सोड!” त्यानं तिला गदागदा हलवलं.

फस्सकन तोंड उघडलं. भाकरीचे कण त्याच्या तोंडावर उडाले. मंजीला धाप लागली होती, पण ती हसत होती.

“म्याबी केलं,” ती म्हणाली. “तुझ्यावानी.”

चिदंबर तिथंच बसून राहिला. आजवर कितीतरी माणसांनी त्याला असं बसलेलं बघितलं होतं, हात जोडले होते, वा वा केली होती. स्वतःचा श्वास बाहेरून कसा दिसतो, हे त्यानं आज पहिल्यांदा बघितलं.

त्या दिवशी त्यानं तिला काही शिकवलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो साधनेला बसला, तर श्वास आत जाईना. उजवी नाकपुडी बंद, डावीही बंद. डोकं जड झालेलं. कानात बारीक शीळ वाजत होती.

पोरीची सर्दी त्याला लागली होती.

तो तासभर खटपट करत राहिला. मग उठला. न्याहारीला भाकरी घेऊन पायरीवर येऊन बसला. एक घास चावला. थांबला. तोंड उघडून श्वास घेतला. पुन्हा चावला. भाकरीला चव नव्हती. चटणीलाही नव्हती. अर्धी खाऊन त्यानं ती बाजूला ठेवली.

मंजी शेजारी येऊन बसली होती, हे त्याला मग कळलं.

“तुजंबी नाक भरलं?”

“हं.”

“दुकतंय?”

“हं.”

मंजीनं थोडा विचार केला. मग परकराचा सोगा धरून त्याचं नाक पुसलं, वरून खाली, जरा जोरातच.

“आय असंच करती,” ती म्हणाली.

बऱ्याच वर्षांत त्याला कुणी असा हात लावला नव्हता. लोक लांबून पाया पडायचे.

चौथ्या दिवशी कुर्णेवाडीची मंडळी आली. सात-आठ जण होते. डोक्याला फेटे, हातात नारळ, एकाजवळ घडी घातलेली शाल. पुढारी होते रावजी देसाई, साठीचे, मोठ्या मिशांचे, बोलायला मऊ.

ओसरीवर घोंगडी अंथरली होती. महाराजांच्या शेजारी चिदंबर बसला. पाठ ताठ होती, पण नाक गळत होतं.

“बुवा, तुमच्याविषयी फार ऐकून आहोत,” देसाई म्हणाले. “तुम्ही श्वास धरून बसता म्हणे, घटका घटका. आमच्या लोकांची इच्छा आहे... एकदा डोळ्यांनी बघावं.”

चिदंबरनं मान डोलावली. नाकातून थेंब ओठाकडे निघाला होता. त्यानं तो हळूच आत ओढला.

“सूं.”

पायरीवरून लगेच उत्तर आलं. खणखणीत आणि आनंदानं भरलेलं.

“सूंऽऽऽ!”

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं. देसायांनी मागं वळून बघितलं. सगळे गप्प झाले.

चिदंबरनं डोळे मिटले. श्वास घ्यायला गेला. जाईना. त्यानं पुन्हा जोरात आत ओढलं, आणि कानात सुई टोचल्यासारखी कळ आली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

त्यानं डोळे उघडले. पायरीवर मंजी बसली होती. ती आता हसत नव्हती. कानावर तळवा दाबून ती त्याच्याकडे बघत होती. तिलाही तीच कळ आली होती.

समोर आठ फेटे वाट बघत होते. घडी घातलेली शाल वाट बघत होती.

चिदंबर उठला.

“बुवा...?” देसाई म्हणाले.

तो ओसरी उतरला. अंगण ओलांडून मोरीचं पाणी जिथं केळींना जातं तिथं गेला आणि उकिडवा बसला.

“मंजी, ये.”

मंजी आली. त्याच्यासारखीच उकिडवी बसली.

चिदंबरनं एका बोटानं एक नाकपुडी दाबली, तोंड मिटलं, आणि सगळा जीव लावून नाक शिंकरलं.

फर्र्र्र!

ओसरीवरच्या सगळ्या माना तिकडं वळल्या.

मंजी डोळे मोठे करून बघत राहिली. मग इतकी हसली, की मागंच कलंडली. “बैलावानी!”

“हां, बैलासारखं. बैल कसा करतो?”

“फुर्र!” ओठांनी केलं तिनं.

“बैल तोंड मिटून करतो. हे बघ.” त्यानं दुसरी नाकपुडी दाबली. फर्र्र्र! डोळ्यांतून पाणी आलं, मिशीला शेंबूड लागला. त्यानं तो हातानंच पुसला. “आता तू बैल.”

मंजीनं बोट नाकपुडीवर ठेवलं. चुकून डोळ्यात गेलं, मग नीट ठेवलं. तोंड मिटलं. डोळे घट्ट मिटले. चिदंबर नकळत तिच्याबरोबर वाकला.

“...फुस्.”

“अजून.”

“फुस्स.”

“बैल चिडलाय. अजून!”

फर्र!

इतक्या दिवसांचं साठलेलं होतं ते. एकदम बाहेर आलं आणि हनुवटीपर्यंत लोंबलं. मंजी घाबरून बघायला लागली.

“ह्ये माजं?”

“तुझंच. दुसरीकडून कर.”

तिनं केलं. मग न सांगता पुन्हा केलं. चिदंबरनं शेजारच्या घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिचं तोंड धुतलं. तिनं तोंड मिटलं, आणि श्वास नाकातून आत गेला. ती थबकली. आणखी एक घेतला. इकडंतिकडं बघितलं, जणू कुणी हाक मारली होती.

“वास आला,” ती म्हणाली.

“कशाचा?”

“शेनाचा!”

गोठ्याच्या दारात हौसाबाई शेणाचे हात तसेच धरून उभी होती. ती हसत होती आणि दंडानं डोळे पुसत होती.

ओसरीवर देसाई महाराजांकडे झुकले. आवाज अगदी खाली आणला.

“महाराज... हेच का ते?”

“हेच.”

“नाही, म्हणजे... आमच्या गादीला लांबलांबून साधक येतात. मोठमोठे लोक येतात...”



चिदंबर हात धुऊन परत आला. घोंगडीवर बसला नाही. पायरीवरच उभा राहिला. त्याच्यामागून मंजी आली आणि त्याच्या कफनीला धरून उभी राहिली. दर चार श्वासांनी ती पुन्हा बैल होत होती.

“देसाई,” चिदंबर म्हणाला, “तुम्ही एवढ्या लांबून आलात. पण या पोरीचा कान अजून ठणकतोय. तो थांबेपर्यंत मी इथंच आहे. पुढचं महाराज सांगतील तसं.”

देसायांनी शालीकडे बघितलं. मग आपल्या माणसांकडे. मग महाराजांकडे.



“देसाई,” महाराजांनी विचारलं, “तुमच्या गावात लहान पोरं किती?”

“पोरं?” देसाई गोंधळले. “असतील की घरटी चार-पाच. मोजलीत कुणी?”

“थंडीत नाकं गळतात?”

“नाकं?” देसायांच्या मिशा हलल्या. हसू आवरता आवरेना. “सगळ्यांची गळतात की, महाराज. म्हाताऱ्यांचीसुद्धा.”

“...मग न्या याला.”