मांजराच्या जागची फरशी

कोणे एका गावात, म्हणजे बाजार भरतो तेवढ्या मोठ्या गावात, एक भोळा नथू राहायचा. अडतीवर तुरीची पोती उचलायचा. अंगात ताकद भरपूर. आणि सांगितलेलं ध्यानात ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घोटाळा तिथूनच व्हायचा.

नथू आणि त्याची बायको सुमन द्वारकाकाकूंच्या घरात भाड्यानं राहायची. काकू वरच्या मजल्यावर. सुमनची धाकटी बहीण रेखा हिला बघायला रविवारी पाहुणे यायचे होते. दोनदा जमता जमता मोडलं होतं, म्हणून सुमननं घर आरशासारखं करायचं ठरवलं होतं. त्यात खालची जमीन उखणलेली.

"असल्या जमिनीवर पाहुण्यांना बसवायचं कसं?" म्हणत तिनं बाजारातून स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या फरश्या आणल्या. मागून चिकट, पुढून अगदी संगमरवर.

दुकानदारानं नथूला सांगितलं, "कागद काढायचा, लगेच पायानं दाबून बसवायचं. झालं."

"बरं," नथू म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

द्वारकाकाकूंनी परवानगी दिली. "लावा बाबा. पण माझी एकही वस्तू जागची हलता कामा नये, सांगून ठेवते."

"बरं. ध्यानात ठेवतो."

शनिवारी सकाळी सुमन पाणी भरायला गेली. परत येऊन बघते तर बाहेरची खोली लखलखत होती. कपाटाभोवती फरशी. केरसुणीभोवती फरशी. आणि खोलीच्या मधोमध काकूंची ठमी मांजर झोपली होती, तिच्याभोवतीही कात्रीनं कापून बसवलेली फरशी, शेपटीसकट. तेवढ्यात ठमी उठली, आळस दिला आणि गेली. मधे राहिलं मांजराच्या आकाराचं भोक.

"अहो, हे काय?"

"काकूंची ना ती? मग हलवायची कशी?"

सुमननं कपाळावर हात मारला. "अहो, कुणी बसलेलं असलं तर त्याला अलगद उचलायचं, खाली फरशी ठेवायची आणि पुन्हा होतं तिथे ठेवून द्यायचं! कळलं?"

"बरं. ध्यानात ठेवतो."

दुपारी सुमननं त्याला गूळ आणायला पिटाळलं. मुलाचे वडील, अण्णा, म्हणे गुळाचाच चहा घेतात. नथूनं गूळ आणला. गूळ कागदात होता. कागद काढला. काढल्यावर लगेच काय करायचं ते दुकानदारानं सांगितलेलंच होतं. नथूनं गूळ मांजराच्या भोकात टाकला आणि पायानं दाबून बसवला. शेपटीपर्यंत पुरला. नथूला मोठं समाधान वाटलं.

काकू खाली आल्या आणि त्यांचा पाय गुळात गेला. "अरे मेल्या! माझ्या जमिनीला चिकट! पुन्हा माझ्या जमिनीला काही चिकट लागलं तर बिऱ्हाड रस्त्यावर फेकीन!"

"बरं काकू. ध्यानात ठेवतो."

सुमन रडकुंडीला आली. उलथन्यानं गूळ खरवडत म्हणाली, "आता मुंग्या येतील हो! मुंग्या आवरायच्या तर भोवती पाणी ठेवावं लागतं, एवढंसुद्धा कळत नाही?"

"बरं. ध्यानात ठेवतो."

रविवारी सकाळी मुंग्या आल्या. नथूनं भोवती पाणी ठेवलं. दोन बादल्या. खोलीभर फरश्या सुटल्या आणि एक कोपऱ्यात जाऊन तरंगायला लागली.

"वाटोळं केलंत!" सुमन ओरडली. तिनं आणि रेखानं पाणी काढलं, फरश्या पुसून पुन्हा बसवल्या. "आता बघा. सुटलं की वर काहीतरी जड ठेवायचं, आणि वाळेपर्यंत हलू द्यायचं नाही!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

आरडाओरडा ऐकून काकू पुन्हा खाली आल्या. ओल्या उंबऱ्यावर पाय सरकला. पडल्या नाहीत, पण हिसक्यानं त्यांचा अंबाडा सुटला. नथू धावला. वरवंटा उचलला, काकूंच्या डोक्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी धरून राहिला.

"हलू नका काकू. वाळेपर्यंत."

काकूंनी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. वरवंटा मात्र त्या स्वतःबरोबर वर घेऊन गेल्या.

मांजराच्या जागेसाठी एक फरशी उरली होती. ती लावणार इतक्यात पाहुणे दारात! सुमननं घाईघाईनं भोकावर छोटी सतरंजी टाकली. मुलगा श्रीपती भिंतीशी बसला. अण्णा नेमके त्या सतरंजीवर बसले. अण्णा म्हणजे कडक माणूस. त्यांचा शब्द शेवटचा.

काकूही येऊन बसल्या, नथूवर डोळा ठेवून. रेखानं पोहे आणले. अण्णांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. चेहरा जरा सैल झाला. "मुलगी बरी आहे," ते म्हणाले. सुमनचा जीव भांड्यात पडला.

नथूचं लक्ष मात्र सतरंजीकडे होतं. मांजराच्या जागी अण्णा बसले होते. बसलेल्याचं काय करायचं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं अण्णांना बगलेत धरून अलगद उचललं. पोह्यांच्या बशीसकट. तुरीच्या पोत्यापेक्षा हलकेच होते.

"अरे! अरे! काय हे?"

नथूनं पायानं सतरंजी सारली. एका हातानं अण्णा पेलले, दुसऱ्या हातानं आणि दातांनी फरशीचा कागद काढला. एवढ्यात काकूंचा चेहरा दिसला आणि त्यांचं बोलणं आठवलं. त्यांच्या जमिनीला चिकट लागायला नको. म्हणून त्यानं चिकट बाजू वर केली. अण्णांना पुन्हा होते तिथे ठेवून दिलं.

"चला!" अण्णा गरजले. "असल्या वेड्यांच्या घरात सोयरीक नको!" आणि ताडकन उठले. फरशीही उठली. धोतराला मागून घट्ट.

"गेलं, हेही गेलं," म्हणत सुमन मटकन खाली बसली.

"सुटली!" नथू ओरडला. आता वर जड हवं. वरवंटा काकूंकडे. कपाट काकूंचं, हलवायचं नाही. दुसरं जड काही नव्हतं. म्हणून नथूनं अण्णांना खाली बसवलं आणि त्यांच्या मांडीवर स्वतः बसला.

"हलू नका अण्णा. वाळेपर्यंत."

रेखानं पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. तिला बघून श्रीपतीला हसू फुटलं. दोघं एकमेकांकडे बघत डोळ्यांतून पाणी येईतो हसली. श्रीपती कसाबसा म्हणाला, "अण्णा, मला मुलगी पसंत आहे!"

"मलाही पसंत आहे!" खालून अण्णांचा आवाज आला. "लग्नही लावून देतो! पण आधी याला उठवा!"

सुमन आनंदानं उडीच मारून उठली. "ऐकलंत का? जमलं! अहो, उठा आता!"

नथूनं वाकून अण्णांच्या खाली बोट घालून बघितलं.

"अजून ओलं आहे," तो म्हणाला. "लग्न इथेच लावा."