खुंटीवरची ढाल

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव म्हणजे दोन आळ्या आणि वर एक वाडी. पण तिथल्या बालवाडीचा थाट असा, की तालुक्याची फिरती ढाल सलग तीन वर्षं तिच्याच खुंटीला लटकत होती. ढाल फिरायची विसरली, असं शेजारची गावं नाक मुरडून म्हणत.

दरवर्षी तालुक्याचे साहेब येत, मुलांची वजनं घेत, गाणी म्हणवून घेत आणि नंबर लावत. त्या दिवशी आया पोरांना सकाळपासून केळी चारत. बालवाडीची ताई याला हसायची, पण ढालीवर तिचाही जीव होता. रोज ती पदराने ढाल पुसायची. पटावर मुलं तेराच होती, त्याची फिकीर कोणाला नव्हती.

यंदा तपासणीच्या आदल्या दिवशी एक मेंढपाळ बाई दारात आली. तिचा तळ चार महिने गावाबाहेर पडणार होता. कडेवर तीन वर्षांची लेक, अगदी काडी.

"ताई, हिला बसवाल का हितं? मेंढरांमागं हिंडून पार वाळलीया."

सरपंच तिथेच होते. ते ताईच्या कानाशी म्हणाले, "परवा घ्या की. उद्या हिला काट्यावर बसवलं, तर ढाल गेली म्हणून समजा."

ताईलाही ते पटलं. 'परवा ये' असं सांगायला ती वळली, तर पोर कडेवरून उतरून खिचडीच्या पंगतीत बसली होती, ओंजळ पुढे करून. ताईने ताट वाढलं आणि पटावर चौदावं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती पोर काट्यावर रडली, गाणं तर तिला येतच नव्हतं. नंबर अकरावा आला. सरपंच आठ दिवस ताईशी बोलले नाहीत. सकाळी रिकाम्या खुंटीपुढे ताईचा हात सवयीने पदराकडे जायचा आणि तिला वाईट वाटायचं.

पण काडीसारख्या पोरीलाही बालवाडीत घेतलं, ही बातमी वाडीवर पोचली. एक आई संकोचत आली. "आमचा बी जरा किडकिडा हाय. पहिल्या नंबराच्या बालवाडीत कसा आणावा, म्हणून घरीच ठेवला व्हता." मग दुसरी आली, तिसरी आली. बघता बघता पट वीस झाला.

महिनाभराने हुकूम आला: पंधराच्या आत पट असेल ती बालवाडी बंद, मुलांनी ओढ्यापलीकडच्या गावात जावं. सरपंच धावत आले. त्यांनी पटावरची नावं दोनदा मोजली, दोन्ही वेळा वीस भरली.

"ताई, तुमचे उपकार झाले. ढालीच्या नादात आम्ही बालवाडीच घालवली असती."

तळ हलायच्या दिवशी मेंढपाळ बाईने एक जाड घोंगडी आणली. "पोरांना बसाया घ्या. तुमचं लई उपकार हायती."

लेकीचे गाल आता भरले होते. ताईने तिला जवळ घेतलं. "उपकार हिचे आमच्यावर. हिचं नाव लिहिलं, म्हणून बाकीची आली."

त्या खुंटीला आता मुलांचं वजन करायची झोळी लटकते. ती कोणी पदराने पुसत नाही, पण रिकामी फारशी राहत नाही.

तात्पर्य: ज्याला आत घेतल्याने आपला नंबर घसरेल असं वाटतं, दार आधी त्याच्यासाठी उघडावं.